माळ रिकामा नसतो

आपल्या भाषेत माळाला फारसा मान नाही. 'उजाड' आणि 'माळरान' हे शब्द जोडीनेच येतात. सातबाऱ्यावर माळाची नोंद बहुधा पोटखराबा म्हणून, आणि सरकारी कागदात पडीक म्हणून. केंद्र सरकारने २००० साली देशभरातल्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढला, त्यात खुरट्या झुडपांची मोकळी जमीन हा पडीक जमिनीचाच एक प्रकार धरला आहे. म्हणजे जिथे पीक नाही आणि जंगल नाही, तिथे काहीच नाही!

माझं म्हणणं थोडक्यात असं, की माळ रिकामा नसतो, तो रिकामा दिसतो. आणि तसा दिसतो कारण तिथे राहणाऱ्यांचा सगळा संसारच न दिसण्यावर उभा आहे. हे आधी नीट सांगते, आणि मग घरातल्याच मंडळींशी थोडं भांडायचं आहे. (ज्यांना फक्त भांडणात रस आहे त्यांनी थोडं खाली जावं :) )

लपण्याचा विषय निघाला की आपल्याला पहिल्यांदा सरडा आठवतो. 'सरड्यासारखे रंग बदलतो' ही आपली ठरलेली शिवी. गंमत म्हणजे सरड्याचा रंग बदलण्याचा संबंध लपण्याशी थोडा आणि मिरवण्याशी जास्त असतो. आपल्या बागेतल्या नर सरड्याचं डोकं आणि गळा विणीच्या काळात लालभडक होतो, तो काय लपायला? 'मी इथे आहे' हे मादीला आणि दुसऱ्या नराला कळावं म्हणून. आफ्रिकेतल्या शॅमेलिऑनवर २००८ साली जो अभ्यास झाला, त्यातूनही हेच दिसलं की रंग बदलायची त्यांची ताकद वाढली ती एकमेकांना खुणा करण्यासाठी, झाडावर लपण्यासाठी नव्हे.

मुद्दा असा की बहुतेक प्राण्यांना मनात येईल तसा रंग बदलताच येत नाही. त्यांच्याकडे अंगावरचा एकच कपडा असतो. त्यामुळे त्यांचं लपणं हे अंगातल्या रंगावर जेवढं अवलंबून, तेवढंच बसण्याच्या जागेवर. रंग अर्धा, जागा अर्धी. जागा काढून घेतली की उरलेला अर्धा काही कामाचा राहत नाही, उलट अंगाशी येतो.

आता माळावर कोण कसं लपतं ते बघू.

रातवा घ्या. दिवसभर जमिनीवर बसून राहणारा पक्षी, अंगावर वाळक्या पाल्याची, मातीची, खड्यांची नक्षी. डोळे मोठे, पण दिवसा ते इतके मिटून घेतो की फटच उरते, कारण गोल चमकदार डोळा ही सगळ्यात आधी ओळखू येणारी गोष्ट. घरटं वगैरे भानगड नाही, दोन अंडी थेट जमिनीवर. तुम्ही चालत चालत अगदी दोन पावलांवर आलात तरी हलत नाही, आणि मग पायातूनच उडाल्यासारखा उडतो. रात्री त्याचा आवाज येतो, पिंगपाँगचा चेंडू टप्पे घेत घेत थांबावा तसा. आवाज पुष्कळांनी ऐकलेला असतो, पक्षी पाहिलेला नसतो.

टिटवीची रीत वेगळी. तीही खड्यांमध्ये उघड्यावर अंडी घालते, बहुतेक वेळा चार, मातकट रंगावर काळे डाग. पण टिटवी रातव्यासारखी दबून बसत नाही. कोणी लांबून येताना दिसलं की उठते, चालत दूर जाते आणि मग आकाशपाताळ एक करते. तिच्या ओरडण्याला आपण अपशकुन म्हणतो. ती बिचारी फक्त आपलं लक्ष भलतीकडे वळवत असते.

या दोन रीतींचा किती खोल हिशोब आहे हे आफ्रिकेतल्या झांबियात झालेल्या एका अभ्यासातून फार छान कळतं. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. रातवे, टिटवीच्या कुळातले पक्षी आणि धाविक यांची जमिनीवरची अंडी किती जगतात, हे तिथे तपासलं. जे पक्षी शेवटपर्यंत अंड्यांवर बसून राहतात त्या रातव्यांच्या बाबतीत पक्ष्याची पिसं आसपासच्या जमिनीशी किती जुळतात यावर अंडी वाचणं ठरत होतं. जे लवकर उठून जातात त्यांच्या बाबतीत अंड्यांवरची नक्षी किती जुळते यावर. जो उघड्यावर राहणार त्याचा रंग महत्त्वाचा. पुढच्याच वर्षी त्याच कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली. हे पक्षी कुठेही बसत नाहीत. एकाच जातीतले दोन पक्षी थोडे वेगळे दिसत असतील, तर प्रत्येक जण आपापल्या रंगाला शोभेल असाच जमिनीचा तुकडा निवडतो. आपल्या लाव्याची एक नातेवाईक, जपानी लावा, तीही असंच करते. तिच्यासमोर वेगवेगळ्या रंगांची जमीन ठेवली तर ती आपल्या अंड्यांच्या नक्षीला जुळेल अशी जागा पसंत करते. हे २०१३ सालचं काम.

म्हणजे आपल्याला जो माळ एकसारखा, भकास, तपकिरी दिसतो, त्यात त्यांच्या लेखी शेकडो वेगवेगळी घरं असतात. हा खडे असलेला तुकडा माझा, तो वाळक्या गवताचा तुझा.

चिंकारा आणि ससा यांची पाठ गडद, पोट पांढरं, हेही उगाच नाही. ऊन वरून पडतं, त्यामुळे कोणतीही वस्तू वरून उजळ आणि खालून सावलीत दिसते, आणि त्या सावलीमुळेच ती गोल, भरीव वाटते. पाठ गडद आणि पोट फिकट असेल तर हा फरक पुसला जातो आणि प्राणी सपाट, जमिनीचाच भाग वाटतो. ही गोष्ट १८९६ साली नीट मांडली ती अॅबट थेयर या अमेरिकन चित्रकाराने. आयुष्यभर सावली रंगवणाऱ्या माणसालाच सावली पुसलेली कळली, हे मला फार आवडतं.

आणि लपणं कुणापासून, हाही प्रश्न आहेच. वाघ आपल्याला भडक केशरी दिसतो आणि आपण म्हणतो, हा कसला लपणार? पण हरणाच्या डोळ्याला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही, त्याला तो वाघ गवतासारखाच दिसतो. लपणाऱ्याचा रंग पाहणाऱ्याच्या डोळ्यासाठी बेतलेला असतो. माळावरच्या पक्ष्यांचा रंग शिक्रा, कावळा, मुंगूस, खोकड यांच्या डोळ्यांना चुकवत चुकवत हजारो पिढ्यांत घडला. आपल्या डोळ्यांनाही तो चुकवतो. आणि मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडून 'ही जागा मोकळी दिसतेय' म्हणणाऱ्या माणसाला तर तो शंभर टक्के चुकवतो! जी कला त्यांना शिक्र्यापासून वाचवते तीच आपल्यासमोर त्यांच्या मुळावर येते. दिसत नाहीत, म्हणजे नाहीतच.

जागा बदलली की काय होतं, याचे दोन पक्के दाखले आहेत.

एक इंग्लंडचा. पेपर्ड मॉथ नावाचा पतंग फिकट, ठिपक्यांचा. झाडाच्या खोडावर दगडफुलाच्या जातीचं जे काही वाढतं (हो, तेच, आपल्या गोड्या मसाल्यातलं, त्याचीच भावंडं) त्यावर बेमालूम बसतो. कारखान्यांच्या धुराने ती वाढ मेली, खोडं काजळली, आणि फिकट पतंग त्यावर उठून दिसायला लागला. १८४८ साली मँचेस्टरला काळा पतंग सापडल्याची नोंद आहे, आणि १८९५ पर्यंत तिथे जवळजवळ सगळे, ९८ टक्के, काळेच झाले होते. १९५६ साली तिथे हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा आला, खोडं हळूहळू उजळली आणि फिकट पतंग परत आले. हे खरंच पक्ष्यांच्या खाण्यामुळे होतं का, यावर बरेच वाद झाले. शेवटी केंब्रिजच्या मायकेल मजेरस यांनी सहा वर्षं ४८६४ पतंग सोडून ते तपासलं. २००९ साली ते वारले, त्यांचे आकडे सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केले. पक्षी खरोखरच उठून दिसणारे पतंग जास्त टिपत होते.

पतंग सुटले, कारण त्यांच्यात काळे आधीपासून थोडे होते आणि पिढी वर्षाची. सगळ्यांचं नशीब असं नसतं. दुसरा दाखला अमेरिकेतल्या बर्फाळ भागातल्या सशाचा. उन्हाळ्यात तपकिरी, हिवाळ्यात पांढरा. पण त्याची कात बदलते ती दिवसाच्या लांबीवर, बर्फ पडलाय की नाही यावर नव्हे. आता बर्फ उशिरा पडतं आणि लवकर वितळतं, त्यामुळे तपकिरी जमिनीवर पांढराशुभ्र ससा बसलेला असतो. २०१६ च्या अभ्यासानुसार असा विजोड झालेला ससा जगण्याची शक्यता आठवड्याला ७ टक्क्यांपर्यंत घटते. आणि सगळ्यात चटका लावणारी गोष्ट म्हणजे त्याला ते कळत नाही. आपण पांढरे आणि जमीन तपकिरी असताना तो जास्त लपत नाही की लवकर पळत नाही. तसाच स्तब्ध बसून राहतो, कारण स्तब्ध बसणं हाच त्याच्या कुळाचा उपाय.

आता घरच्या गोष्टीकडे येते.

सोलापूर आणि साताऱ्याच्या सीमेवरचं आमचं गाव नातेवाइकांना माहीत आहेच. बाकीच्यांसाठी सांगते, पावसाचं प्रमाण कमी, जमीन मुरमाड, आणि गावाच्या वरच्या अंगाला मोठं गायरान. येत्या पावसाळ्यात काकांच्या स्मरणार्थ त्या गायरानावर दोन हजार झाडं लावायचं घाटतंय. एक संस्था रोपं देणार, जेसीबीने चर खणायचे, वर्गणी आपण काढायची. आपल्या ग्रुपवर याद्याही फिरल्या आणि मी सोडून सगळ्यांनी अंगठे दाखवले. गप्प का, असं दादाने दोनदा विचारलं. म्हणून हा लेख.

दादा, हेतूबद्दल माझी काहीच तक्रार नाही. काकांच्या नावाने काहीतरी जिवंत उभं राहावं असं तुला वाटतं, मलाही वाटतं. पण ते गायरानावर नको.

कारण गायरानावर झाडांची दाटी म्हणजे वर सांगितलेली जागा काढून घेणं. खणलेल्या चरांनी खडे आणि गवताची ती चादर फाटते. सावली वाढली की पवना, मारवेलसारखं ऊन मागणारं गवत मागे हटतं. जमिनीवर वेगळ्याच पाल्याचा थर पडतो. आणि झाड म्हणजे कावळ्याला बसायला आयती फांदी. सपाट माळावर कावळ्याला घिरट्या घालत शोधावं लागतं. फांदीवर बसून त्याला टिटवी कुठून उठली आणि कुठे परत आली हे निवांत बघता येतं. टिटवी अंड्यांचा रंग बदलू शकणार नाही. रातवाही नाही. ते त्या सशासारखे पूर्वीइतक्याच भरवशाने बसून राहतील.

'पूर्वी इथे जंगलच होतं, माणसाने तोडलं, आता आपण परत लावतोय' असं ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं. सगळीकडे ते खरं नाही. २०२५ साली एक सुरेख संशोधन प्रसिद्ध झालं. पश्चिम महाराष्ट्रातलं जुनं मराठी साहित्य, संतचरित्रं, लोककथा, ओव्या असं सगळं धुंडाळून त्यात कोणकोणती झाडं येतात ते पाहिलं. निघाली ती मोठ्या प्रमाणात मोकळ्या गवताळ रानातली, काटेरी, विरळ उगवणारी झाडं. म्हणजे हे माळ किमान साडेसातशे वर्षांचे तरी आहेत. मेलेलं जंगल नव्हेत ते, स्वतःचं वेगळं रान आहे. धनगरांना हे कोणी सांगायची गरज पडली नाही.

दुसरा आक्षेप काकूचा, आणि तो मला जास्त खरा वाटतो. ती म्हणाली, उन्हाने जीव जातो गं, चार झाडं झाली तर बिघडलं कुठे? काकू, चार झाडांना माझा विरोध नाही. माळावर बाभूळ, हिवर, बोर अशी विरळ झाडं असतातच. विरोध रांगेत लावलेल्या दोन हजारांना आहे. आणि सावली जिथे माणसं असतात तिथे हवी. शाळेच्या आवारात एक झाड नाही. एसटीच्या थांब्यावर पत्रा तापतो. ओढ्याच्या दोन्ही काठांची झाडं गेली. शेतांचे बांध उघडे आहेत. तिथे चिंच, कडुनिंब, करंज लावा, पाणी घालायलाही माणूस हाताशी असेल. गायरानावर टँकर कोण नेणार? २०१६ ते २०१९ या काळात राज्यात वृक्षलागवडीच्या केवढ्या मोहिमा झाल्या, शेवटच्या वर्षीचं उद्दिष्ट तर ३३ कोटींचं होतं. झाड किती लावलं याचे फलक लागतात, ते कुठे लावलं हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही.

राहिला कर्ब साठवण्याचा मुद्दा, तो पुण्यातल्या भाच्याने काढला. बाळा, गवतही कर्ब साठवतं. फरक इतकाच की ते मुळांत, जमिनीखाली साठवतं, म्हणून फोटोत येत नाही. माळाचं हे असंच आहे, त्याचं सगळंच नजरेआड.

माळ गेल्यावर काय होतं हे आपल्याच जिल्ह्याने पाहिलंय. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं. हा एवढा उंच, जड पक्षी, पण गवतात मान खाली घालून बसला की दिसत नसे. २०११ पासून माळढोक जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. शिकार, विजेच्या तारा, नांगराखाली गेलेले माळ अशी त्याची पुष्कळ कारणं आहेत, सगळा दोष झाडांवर घालणं खोटं होईल. पण 'इथे काय आहे, नुसता माळ तर आहे' हे वाक्य त्या प्रत्येक कारणामागे कुठेतरी होतंच.

काकांविषयी एकच सांगते, ज्यांनी त्यांना शेतात पाहिलंय त्यांना आठवेल. कुळवताना टिटवीची अंडी दिसली की ते बैल थांबवायचे. चार काटक्या रोवून ठेवायचे आणि तेवढा तुकडा सोडून पुढे जायचे. त्यावर कधी भाषण केलं नाही. विचारलं तर म्हणायचे, तिची घाण तिने कुठे टाकायची? म्हणजे काय ते मला तेव्हा कळायचं नाही. बिऱ्हाड हलवता येत नाही एवढंच त्यांना म्हणायचं असावं.

तेव्हा माझी सूचना अशी. वर्गणी तशीच राहू द्या, माझी पाठवते. त्यातून शाळेत, ओढ्याकाठी आणि थांब्यावर मिळून शंभरच झाडं लावू, पण ती जगवू. उरलेल्या पैशातून गायरानाभोवती जाळपट्टा काढू, म्हणजे मार्चनंतर कोणी गवताला काडी लावली तरी सगळा माळ जळणार नाही, कारण तेच दिवस टिटवीच्या अंड्यांचे. गवत कापून नेण्याच्या आणि मेंढरं चारण्याच्या पाळ्या ग्रामसभेत ठरवता आल्या तर उत्तमच. काकांच्या नावाची पाटी लावायची असेल तर ती शाळेतल्या चिंचेपाशी लावा. गायरानावर पाटीही नको. तीवर कावळा बसेल.

दादा, जेसीबीवाल्याला आगाऊ पैसे द्यायच्या आधी एकदा फोन कर.